सारवलेला स्टोव्ह

आमच्या घरात दोन नाकं फार तल्लख होती. निदान तसं त्या नाकांच्या मालकांचं म्हणणं होतं. एक वडिलांचं. वडील वकील. कोर्टातून आले की जोडे काढता काढताच आत ओरडून सांगायचे, आज आमटीत हिंग जास्त पडलाय. दुसरं नाक आत्याचं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली, आमच्याकडेच असायची. दिवसभर नाकपुड्यांत तपकीर कोंबलेली, तरी दूध उतू जायच्या आत तिला माजघरात कळे. पाहुण्यांपुढे ह्या दोन नाकांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जात, आणि पाहुणेही बिचारे माना डोलवत.

आईच्या डोळ्यांबद्दल मात्र कोणी काही बोलत नसे. ते लाल असायचे. पापण्या सुजलेल्या, कडेला सारखं पाणी. मी लहान असताना मला वाटायचं, आयांचे डोळे असेच असतात.

आमचं घर नाशकात रविवार पेठेत, भाड्याचं. पुढे वडिलांची बैठक, चांगली ऐसपैस, तीन खिडक्यांची. मागे स्वयंपाकघर, त्याला एकच झरोका, तोही शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडणारा. लाकडं पेठ तालुक्यातल्या जंगलातून गाडीनं यायची. उन्हाळ्यात ठीक होतं. पावसाळ्यात ती लाकडं नुसती धुमसत. आई फुंकणीनं फुंकफुंक फुंकायची, खोकायची, पदर डोळ्यांना लावून दाराशी यायची, दोन श्वास घ्यायची की पुन्हा आत. तिकडे बैठकीत वडील पक्षकारांना सांगत बसलेले, आमच्या घरात जेवण अगदी वेळेवर असतं.

आईला वाचायला यायचं. माहेरी असताना धाकट्या भावाच्या पाटीवरून ती शिकली होती. वाचायला पुस्तकं कोण देणार? वाण्याकडून गूळ ज्या कागदात यायचा तो ती नीट उलगडून, चिकटलेला गूळ पाण्यानं पुसून, दुपारी वाचत बसायची. अर्धीमुर्धी बातमी, कसली तरी जाहिरात, कुणाची तरी हरवलेली म्हैस. सगळं वाचायची आणि मला सांगायची. एका दिवाळीत माझ्या लक्षात आलं की तो कागद ती नाकाला टेकवून धरते आहे. त्याच दिवाळीत भाजी चिरताना विळीवर तिचं बोट कापलं.

डॉक्टरकडे नेलं ते मामानं. वडिलांना वेळ नव्हता. मामा म्हणजे तोच पाटीवाला धाकटा भाऊ. इगतपुरीला रेल्वेत नोकरीला होता. डॉक्टरनं आईच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या, आत खुपऱ्यांचे दाणे आहेत म्हणाला, आणि मोरचुदाची कांडी फिरवली. आई कळवळली. मग तो मामाला म्हणाला, "औषध मी घालीन हो, पण धूर बंद झाला पाहिजे. चुलीपुढे ह्या अशाच बसत राहिल्या तर थोड्या वर्षांत ह्यांना दिसायचं बंद होईल. मग माझ्याकडे येऊ नका."

मामानं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. वडिलांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काहीतरी व्यवस्था केली पाहिजे." त्यांनी केलेली व्यवस्था अशी की, दुसऱ्या दिवशी जेवताना आईला सांगितलं, "अगं, जरा बाजूला बसून फुंकत जा."

स्टोव्ह आणला तोही मामानंच. मुंबईहून गोणपाटात गुंडाळून आणला. पितळेचा, तीन पायांचा, लखलखीत. मागच्या अंगणात ठेवून त्यानं तो आईला समजावून दिला. टाकीत घासलेट भरायचं. वरच्या वाटीत जरासं स्पिरिट ओतून पेटवायचं म्हणजे बर्नर तापतो. तो तापला की पंप मारायचा. छिद्रात कचरा अडकला तर ही पिन. एवढंच. त्यानं पंप मारला आणि स्टोव्ह जो फरफर पेटला! आई दचकून मागे सरली, मग पुढे आली. निळी ज्योत, धुराचा मागमूस नाही. आईनं गालावर हात ठेवला आणि हसली. आई हसली की पदर तोंडाला लावायची, पण त्या दिवशी विसरली. मामा संध्याकाळच्या गाडीनं इगतपुरीला परत गेला. तो आणखी एक रात्र राहिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला आजही वाटतं.

कारण रात्री आत्यानं कोर्ट भरवलं.

तिचं पहिलं म्हणणं, ती स्पिरिट का काय म्हणतात ती दारू आहे. दारूवर पेटलेल्या विस्तवावर शिजलेला भात देवाला दाखवायचा? शिव शिव शिव! दुसरं म्हणणं, ह्या घरात सारवल्याशिवाय विस्तव पेटलेला नाही. रोज सकाळी चूल सारवायची, तिला हळदकुंकू वाहायचं, मग काडी लावायची. आता हे पितळी मढं सोवळ्यात यायचं असेल तर त्यालाही तेच. वडील पाटावर मांडी घालून ऐकत होते. आधल्याच आठवड्यात त्यांनी गावातल्या वाचनालयात विज्ञान आणि स्त्रियांची उन्नती अशा विषयावर व्याख्यान ठोकलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. मला वाटलं, आता आत्याची चांगली जिरणार. कसलं डोंबल! वडील म्हणाले, "कोणाचंच मन मोडायला नको. स्टोव्ह राहू दे. स्पिरिट नको. आणि रोज सारवत जा, म्हणजे झालं."

ह्याला ते तडजोड म्हणत. कोर्टात असल्या तडजोडी करून त्यांनी बरंच नाव कमावलं होतं म्हणे.

आणि आई, माझी शहाणी आई, सकाळी आंघोळ करून सोवळ्यात आली, शेणमातीचा गोळा घेतला आणि तो नवाकोरा स्टोव्ह सारवायला बसली. पाय सारवले. टाकी सारवली. जिथे विस्तव असतो तिथे पोतेरं लागलंच पाहिजे, अशी आत्याची ताकीद होती, म्हणून वरची वाटीही सारवली आणि बर्नरवरून हात फिरवला. मग रांगोळीची रेघ, हळदकुंकू. आत्या दारात उभी राहून देखरेख करत होती. "तो कोपरा राहिला बघ," असंही म्हणाली. गोल स्टोव्हला कोपरा तिला कुठे दिसला कोण जाणे.

स्पिरिट बंद, म्हणून घासलेटात भिजवलेला काकडा बर्नरला गुंडाळून पेटवायचा. त्याचा काळा धूर थेट आढ्याला. तो विझतो न विझतो तोच पंप. बर्नर धड तापलेला नसे, छिद्रात शेणमातीचा भुगा बसलेला. त्यातून निळी ज्योत येणार कुठून? पिवळी, लांबच लांब, काजळी ओकणारी ज्योत यायची, मधेच फस्स करून विझायची, आणि न जळलेल्या घासलेटाचा भपकारा घरभर पसरायचा. त्यात वर भाजणाऱ्या शेणाचा वास. तो वास भातात गेला, वरणात गेला, दुधाच्या सायीवर बसला. मी शाळेत गेले तर शेजारची मुलगी नाक दाबून सरकून बसली.

वडिलांनी पहिल्याच दिवशी पहिला घास तोंडात घातला आणि ताट सरकवलं. "घासलेट! नुसतं घासलेट जेवतोय मी!" आत्या म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?" तिनं तपकिरीची चिमूट ओढली, शिंकली, आणि पुन्हा म्हणाली, "म्हटलं नव्हतं मी?"

आता गंमत ऐका. घरात तेव्हा वीज नव्हती. संध्याकाळी कंदील लागायचे. कंदिलात काय अत्तर होतं? तेही घासलेटच. रोज काचा पुसून घासलेट भरायचं काम माझं, आणि त्या वासानं माझे हात जेवतानासुद्धा घाण मारायचे. वडिलांच्या ताटाशेजारी हातभर अंतरावर कंदील असायचा. त्याच्या उजेडात ते घासलेटाच्या वासाबद्दल तावातावानं बोलायचे, आणि बोलता बोलता वात जरा मोठी करायला मला सांगायचे. जन्मभर त्या दोन नाकांना कंदिलाचा वास कधी आला नाही. कंदील सारवायला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं. पण वास आला असता तरी ते बोलले नसते, कारण कंदील त्यांच्या वाचनासाठी होता.

आईनं काय काय केलं! भात झाकून शिजवला. वर केळीचं पान ठेवलं. आमटीत कढीलिंब दुप्पट घातला. रात्री सगळे निजल्यावर हात शिकेकाईनं घासत बसली. तिला खरंच वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय. मामानं अंगणात दाखवलेला स्टोव्ह आणि हा स्टोव्ह एकच आहे, मग घाण कुठून येते, हे तिला कळेना. थोड्याच दिवसांत वडिलांनी निकाल दिला आणि स्टोव्ह माळ्यावर गेला. आई पुन्हा चुलीपुढे बसली. मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, "तू गप्प का बसलीस?" ती म्हणाली, "अगं, वास येत होता ना. खोटं कसं बोलू?"

संक्रांतीला मामा आला आणि आल्या आल्या त्यानं विचारलं, "ताई, स्टोव्ह कसा चाललाय?" मीच शिडी लावून माळ्यावरून तो काढला. मामानं तो पाहिला आणि आधी हसत सुटला. हसता हसता त्यानं बर्नर नखानं खरवडला, बोट नाकाशी नेलं आणि त्याचं हसू बंद झालं. "हे काय केलंस, ताई?" तो इतकंच म्हणाला. आईनं सगळं सांगितलं. मामानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि अंगणात बसला.

आत्या दुपारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, पुराण ऐकायला जायची, ती गेलेली होती. वडील कोर्टात. आम्ही तिघं. चिंच आणि राख घेऊन मी पाय घासले, आईनं टाकी घासली. मामानं बर्नर उघडून शेणाचे खपले काढले, पिन घातली, फुंकलं, पुन्हा पिन घातली. स्पिरिट त्यानं येतानाच औषधाच्या दुकानातून शाईच्या बाटलीत आणलं होतं. वाटीत ओतलं, काडी लावली, पंप मारला. झालं! तीच निळी ज्योत, तोच फरफर आवाज. आई वाकली आणि अगदी जवळ तोंड नेऊन हुंगायला लागली. मामा ओरडला, "अगं केस जळतील!" ती म्हणाली, "अगं बाई! वासच नाही रे! कसलाच नाही!" आणि आम्ही तिघं वेड्यासारखे हसलो. किती दिवसांनी मी तिला असं बघत होते. मला वाटलं, आता प्रश्न मिटला. माझ्या आईचे डोळे वाचले.

वडील आले तेव्हा स्टोव्हवर केलेला सांजा आणि चहा त्यांच्यापुढे ठेवला. मामाची युक्ती. कोणी काही बोललं नाही. वडिलांनी सांजा खाल्ला, पुन्हा मागितला. चहा प्याले, पुन्हा मागितला. मिशी पुसून म्हणाले, "वा! आज चहा फक्कड झालाय. दूध बदललं की काय?"

मामा म्हणाला, "दूध तेच आहे, भाऊजी. स्टोव्ह बदललाय. तोच स्टोव्ह, फक्त धुतलेला."

वडिलांनी हातातला रिकामा कप खाली ठेवला. पुन्हा उचलला. नाकाशी नेला. चेहरा हळूहळू वाकडा करत म्हणाले, "तरीच! मघापासून मला वाटतच होतं, काहीतरी येतंय."

"दोन कप प्यालात की!"

"पाहुणे आहात तुम्ही. बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं."

मी फिस्सकन हसले. वडिलांनी डोळे वटारले आणि मला आत हाकललं. आज इतक्या वर्षांनी सांगते, मला त्यांची त्या क्षणी शिसारी आली. पुढे आयुष्यात खोटं बोलणारी पुष्कळ माणसं भेटली, पण पोटात दोन कप चहा असताना नाकानं इतकं बेमालूम खोटं बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

तेवढ्यात आत्या आली. स्पिरिटची बाटली दिसली मात्र, तिनं थयथयाट केला. दारू! माझ्या भावाच्या घरात दारू! मामा तिला समजावायला गेला तर ती त्यालाच म्हणाली, आगगाडीत नोकरी करणाऱ्याला सोवळं काय कळणार. आणि मग आई बोलली. वडिलांपुढे आणि आत्यापुढे ती एरवी कधी इतकं बोलल्याचं मला तरी आठवत नाही. हात जोडून म्हणाली, "वन्सं, मी रोज आंघोळ करून, सोवळं नेसून पेटवीन. स्टोव्ह धुवून घेईन. तेवढं सारवण आणि तो काकडा नको. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? माझे डोळे जातील हो."

आत्या भिंतीकडे बघत राहिली. वडील म्हणाले, "असं काही होत नसतं गं. माझ्या आईनं जन्मभर चूल फुंकली, काही झालं का?" आजीला शेवटची कितीतरी वर्षं दिसत नव्हतं, भिंतीला धरून चालायची, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आत्याला ते माहीत होतं. तीही गप्प. स्वयंपाकघरात स्टोव्ह येणार नाही, असं ठरलं.

मामा रात्रीच निघाला. निघताना तो वडिलांच्या पाया पडला नाही, आणि वडिलांना ते फार लागलं. त्यावर मात्र ते कितीतरी दिवस बोलत होते.

बरं, स्टोव्ह गेला कुठे? पुन्हा माळ्यावर? छे! घासूनपुसून लखलखीत झालेला तो स्टोव्ह वडिलांच्या डोळ्यांत भरला होता. बैठकीत सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नव्हता. तिथे एका स्टुलावर त्यांनी तो मांडला. कारकून स्पिरिट आणून ठेवायचा, स्वतः पेटवायचा, चहा करायचा. पक्षकार आले की वडील स्टोव्हकडे हात करून म्हणायचे, "आधुनिक सोय आहे. आपण जुन्याला चिकटून बसणारे नव्हे." आणि आत आई फुंकणी घेऊन खोकत असायची. तिला बैठकीतला तो फरफर आवाज ऐकू जायचा. बैठकीत कुणालाही, कधीही, कसलाही वास आला नाही.

मग जे व्हायचं ते झालं. आधी सुई ओवायला ती मला हाक मारू लागली. मग गुळाचे कागद नुसतेच घडी करून फडताळात ठेवू लागली. "तू वाचून दाखव," म्हणायची, आणि मी अभ्यासाचं निमित्त सांगून पळायची नाही, एवढं मात्र खरं. मग तांदळातले खडे तिला दिसेनात, आणि वडिलांच्या दाताखाली खडा आला की घरात भूकंप. "लक्ष कुठे असतं तुझं?" लक्ष! मामा अधूनमधून येऊन तिला डॉक्टरकडे न्यायचा. एके दिवशी डॉक्टरनं पापणी उलटीसुद्धा केली नाही, नुसतंच बघून मान हलवली.

माझं लग्न नांदगावला झालं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. बाळ आईच्या मांडीवर दिलं तर तिनं आधी त्याचं कपाळ चाचपलं, मग नाक, मग हनुवटी. म्हणाली, "कुणावर गेलाय गं? तू सांग." मला रडू कोसळलं. मी रडतेय हेही तिला माझ्या आवाजावरून कळलं.

तरी चूल तीच पेटवत होती. एकदा निखारा पदरावर पडला आणि पदर धुमसायला लागला, तो तिला दिसला नाही. आत्याच्या त्या सुप्रसिद्ध नाकाला जळण्याचा वास आला नाही. मीच धावले. तेव्हा कुठे वडिलांना वाटलं की आता दुसरं माणूस बघायला हवं. आत्या थकलेली, मी बाळंतीण. त्र्यंबककडचा एक आचारी ठेवला. ब्राह्मण, सोवळ्यातला, तोंडानं फटकळ.

तो पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात गेला आणि डोळे चोळत बाहेर आला. "वकीलसाहेब, ह्या धुरात मी काम करायचो नाही. मला डोळे सांभाळायचेत. स्टोव्ह असतील तर सांगा, नाहीतर मी चाललो."

वडील म्हणाले, "अहो, बसा बसा." दुसऱ्याच दिवशी दोन नवे स्टोव्ह आले. त्यांच्याबरोबर स्पिरिटची मोठी बाटली आली आणि देवघराला लागून असलेल्या फळीवर जाऊन बसली. मी आत्याकडे बघितलं. ती जपमाळ ओढत म्हणाली, "औषधाच्या दुकानातलं असतं ते. आणि पुरुषमाणसाला धूर कसा सोसणार?" सारवण्याचं नाव कुणी काढलं नाही. त्याच्यापुढे काढायची कुणाची टाप होती!

त्या दिवशी जेवायला आईचं पान पहिल्यांदाच वडिलांच्या पंगतीला मांडलं, कारण आता वाढायला ती नव्हती. मी बाळाला घेऊन भिंतीशी बसले होते. आचाऱ्यानं गरम भात वाढला. वडिलांनी पहिला घास घेतला, चावला, आणि त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. आईकडे वळून म्हणाले, "अगं, ह्याला काही वास येत नाही गं! मुळीच येत नाही!"

आईचा हात पानावर मीठ शोधत होता. ती म्हणाली, "त्या संक्रांतीलाही येत नव्हता."

वडिलांनी आचाऱ्याला ताक आणायला सांगितलं. आई भात कालवत राहिली. निम्मा भात पानाबाहेर जमिनीवर सांडत होता, आणि तो दिसत नसल्यामुळे ती रिकामी बोटं तोंडाकडे नेत होती.